निळ्या घरातला हिरवा फ्यूज

गाडीत गाणी बसवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी आवाजाची गोष्ट काढायचं, आणि मिस्त्री आधी वायरीची काढायचे. मग थोडा वेळ दोघांचं काही जमायचं नाही. दुकानाच्या आतल्या अंगाला शिवणयंत्रावर गाड्यांची सीट कव्हरं शिवत बसलेल्या काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, तेवढ्यापुरतं यंत्र थांबवायच्या. पुढचं सगळं पाठ असलं तरी ऐकायला मजा यायची.

"मिस्त्री, फ्यूज जरा मोठा टाका ना. आवाज कसा दणदणीत आला पाहिजे."

"फ्यूज मोठा टाकून एकच आवाज मोठा येतो. आगीच्या बंबाचा."

गिऱ्हाईक हसायचं, मिस्त्री हसायचे नाहीत. ते खुंटीवरच्या वेटोळ्यातून वायरीचं टोक ओढायचे, साल काढायचे आणि आतल्या तारा अंगठ्यानं पसरून दाखवायचे. "फ्यूज गाण्यासाठी नसतो हो, हिच्यासाठी असतो. हिला किती सोसेल, ते आधी बघायचं. तुमचा ॲम्प्ली किती वीज ओढतो, ते मग. फ्यूज घ्यायचा तो ॲम्प्लीच्या ओढीपेक्षा जरासा वर आणि हिच्या सोसण्याच्या आत. या दोघांच्या मधे जागाच उरत नसेल, तर जाड वायर टाकायची. फ्यूज फुगवायचा नाही."

"आणि सारखा उडाला तर?"

"तर तो काहीतरी सांगतोय. विचारा त्याला."

फ्यूज बसायचा तो बॅटरीच्या कुशीत, वीतभर अंतरात. "राखणदार फाटकात उभा पाहिजे, न्हाणीघरात उभा करून काय उपयोग?" हे वाक्य तर काकूंनी इतक्यांदा ऐकलं होतं की कधीकधी झोपेतसुद्धा मिस्त्री हेच बोलताहेत असं त्यांना वाटायचं. आणखी एक खोड होती त्यांची. काम संपलं की बसवलेल्या फ्यूजच्या शेजारी त्याच मापाचा दुसरा एक चिकटपट्टीनं चिकटवून द्यायचे. एक बसलेला, एक जोडीला. आडवाटेला कुणाचा उडाला, तर त्यानं हाताला लागेल तो जाडजूड फ्यूज कोंबू नये म्हणून. या जोडीच्या फ्यूजचं ते वेगळं काही घेत नसत. गावातला दुसरा कुणी मिस्त्री असं करायचा नाही, आणि आमच्या मिस्त्रींना त्याचा केवढा तरी अभिमान होता.

आता अभिमान म्हटला की तो एका जागी थोडाच बसतो! तो पार डोळ्यांपर्यंत चढला होता.

दुकानातले फ्यूज कुठल्या डब्यात नव्हते, ते होते बर्फाच्या ट्रेमध्ये. फ्रिज जुना होऊन भंगारात गेला, तेव्हा काकूंनी त्याचा ट्रे तेवढा मागे ठेवून घेतला. त्याच्या एकेका घरात एकेका रंगाचे फ्यूज. लाल दहा अँपिअरचे, निळे पंधराचे, पिवळे वीसचे, पांढरे पंचविसाचे, हिरवे तीसचे. डोक्यावर आकडाही असतो, पण तो असतो मुंगीएवढा. मिस्त्री म्हणायचे, "आकडा कशाला वाचायचा? रंग बोलतो." आणि गाडीखाली आडवे झालेले असले तरी हात मागे करून ट्रेतून नेमका फ्यूज उचलायचे. लोक बघत राहायचे.

शिवण आवरलं की तो ट्रे नीट लावणं हे काकूंचं काम. चौथीपर्यंतची शाळा झालेली, त्यामुळे आकडे चांगले वाचता यायचे. आणि रंगांचं म्हणाल, तर जन्म दोऱ्यांच्या रिळांत गेलेला. एके दिवशी निळ्याच्या घरात एक हिरवा निघाला. काकूंना वाटलं, घाईत पडला असेल. त्यांनी तो उचलून हिरव्यांत टाकला. मग पुन्हा निघाला. मग हिरव्यांत निळे निघायला लागले. त्यांनी ते परतवले. एकदा त्यांनी यंत्रावरून न उठता म्हटलं, "अहो, ते निळं रीळ द्या हो जरा." मिस्त्रींनी दिलं. हिरवं होतं. पोपटी, डोळ्यात भरणारं हिरवं. काकूंनी मुकाट्यानं ते घेतलं, मांडीखाली दडवलं, आणि मिस्त्री बाहेर गेल्यावर निळं ओवलं.

म्हणजे काय ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि घरात तोंड उघडणं वेगळं.

कारण एकदा लेकीनं तोंड उघडलं होतं. लेकीचं घरातलं नाव चिमणी. ठेवलं तेव्हा ती मुठीएवढी होती. आता ती दारातून आत आली की उजेड अडतो, पण नाव तेच राहिलं. चिमणी व्हॅन चालवते. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत अशा माणसांना घराघरांतून गोळा करून डायलिसिसला नेते आणि परत सोडते. रोज दवाखान्याचं तोंड बघणारी पोरगी ती. बापानं चहाचा कप टेबलाच्या जरा अलीकडेच ठेवला आणि तो फरशीवर गेला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मोतीबिंदू आहे. साधं ऑपरेशन असतं. दाखवून येऊ."

त्यावर मिस्त्री भडकले नाहीत. मिस्त्री कधीच भडकत नसत. ते गप्प होत. जेवणात गप्प, दुकानात गप्प, गिऱ्हाइकाशीसुद्धा मानेनं बोलणं. याला घरात 'बाबांचा फ्यूज उडाला' म्हणत, आणि तो परत बसायला बरेच दिवस लागत. त्या वेळी तर आठवडा उलटला, तेव्हा कुठं ते म्हणाले, "मीठ कमी आहे." काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी मिठाची बरणीच पुढे ठेवली.

तेव्हापासून डोळ्यांचा विषय बंद. त्याऐवजी ट्रे रोज लावायचा. मिस्त्रींच्या हाताला चुकीचं काही लागूच द्यायचं नाही, म्हणजे झालं. काकूंनी हे आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. त्यांना ते फार शहाणपणाचंही वाटत होतं.

मग त्यांची बहीण जिन्यावरून घसरली. पायाला प्लास्टर, घरात करणारं कुणी नाही. काकू बॅग भरून बहिणीकडे गेल्या. निघताना मिस्त्रींना कपडे कुठं, गोळ्या कुठं, दूधवाल्याला काय सांगायचं, सगळं बजावलं. ट्रेबद्दल काय बजावणार? जे त्या करत होत्या, ते मिस्त्रींना ठाऊकच नव्हतं.

बहीण काठी घेऊन चालायला लागली तशा त्या परतल्या. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर नजर गेली ती ट्रेवर. मिस्त्रींनी मधल्या काळात नवा माल भरला होता. निळ्याच्या घरात शिगोशीग हिरवे. त्यांच्या तळाशी थोडे जुने निळे दबलेले.

काकूंनी बॅग खाली ठेवली. "या दिवसांत काम बरंच झालं वाटतं?"

"झालं की," मिस्त्री खुशीत होते. "त्या टॅक्सीवाल्याला नवे स्पीकर बसवले. आणखी दोन-चार गाड्या. आणि चिमणी येऊन गेली. तिच्या गाण्याचा फ्यूज सारखा उडत होता. बदलून दिला. माझ्या हातचा बसला, तो परत उडाला नाही."

तेवढ्यात व्हॅन दाराशी लागलीच. सकाळची माणसं दवाखान्यात सोडली की त्यांना परत आणायला जाईपर्यंत चिमणीला मोकळा वेळ असायचा, त्या वेळात ती आईला भेटायला आली होती. आत आली, आईच्या गळ्यात पडली, डब्यात काय आहे ते बघितलं आणि उभ्यानंच खायला लागली.

"बस की जरा. घोड्यासारखी उभ्यानं खातेस."

"बसले तर उठवत नाही, आई. मावशी कशी आहे?" आणि उत्तराची वाट न बघता, "बाबांनी काम एकदम झकास केलं बघ. पूर्वी अर्ध्या वाटेत गाणी बंद पडायची आणि मग माझ्या गाडीतले ते म्हातारे मास्तर स्वतःच गायला लागायचे. त्यापेक्षा इंजिनाचा आवाज बरा. आता बंद पडतच नाही. फक्त मास्तरांचं एक टुमणं सुरू झालंय. म्हणतात, मागे इस्त्रीचा वास येतो."

"इस्त्रीचा?"

"गरम इस्त्री रेक्झिनवर ठेवल्यासारखा. मला नाही येत. त्यांना सगळ्याचाच वास येतो."

काकूंनी रेक्झिन आयुष्यभर शिवलेलं. गरम रेक्झिनचा वास म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, "कव्हर उसवलंय का बघते," आणि सुई-दोऱ्याचा डबा घेऊन बाहेर पडल्या. चिमणी घास तोंडात घेऊनच मागोमाग.

काकू सीटकडे गेल्याच नाहीत. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

बॅटरीच्या कुशीत, वीतभर अंतरावर, छानपैकी हिरवा फ्यूज बसलेला होता. आणि शेजारी चिकटपट्टीखाली, एक बसलेला, एक जोडीला, दुसरा हिरवा.

"काय झालं गं?"

"ही वायर पंधराची आहे," काकू म्हणाल्या. "मी बघत होते की टाकताना. आणि हा तीसचा."

चिमणीचं चावणं थांबलं. तिनं एकदा फ्यूजकडे बघितलं, एकदा दुकानाकडे. मिस्त्री आत टाकाऊ फडक्यानं पाने-पकडी पुसत होते.

मागची सीट उचलल्यावर बाकीचं दिसलं. सीटच्या कव्हराखाली चपट्या गरम होणाऱ्या गाद्या टाकलेल्या होत्या, प्रत्येक बैठकीला एक. सगळ्यांच्या वायरी एकत्र करून गाण्याच्या वायरीला जोडलेल्या. जोडाला हात लावला तर तो कोमट होता, गाडी बंद करून इतका वेळ झाला तरी. तिथं वायरीचं साल मऊ पडून गालिच्याला चिकटलं होतं.

"हे काय?"

"त्यांना थंडी वाजते, आई. डायलिसिस करून येतात ना, तेव्हा पाय बर्फासारखे असतात. गाद्या मिळाल्या, मी घेतल्या. मीच जोडल्या. बाबांचंच बघून बघून शिकलेय की." मग तिच्या लक्षात यायला लागलं. "म्हणून उडत होता तो?"

"बाबांनी विचारलं नाही, नवीन काही जोडलं का?"

"विचारलं. मी म्हटलं नाही. मला वाटलं ते गाण्याचं विचारताहेत. गादीतून कुठं गाणं येतं?"

काकूंनी कपाळाला हात लावला. पोरीनं मायेनं ओझं वाढवलं, फ्यूजनं ओरडून सांगितलं, आणि त्या ओरडणाऱ्याच्या जागी बापानं असा आणून बसवला की जो ओरडणारच नाही. वायर बिचारी आतल्या आत शिजत होती. वर माणसं बसलेली. अशी माणसं, की ज्यांना पटकन उठून बाहेरही पडता येत नाही.

चिमणीनं गाद्यांच्या वायरी उपटून काढल्या. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, तू निळा आणून बसव. तुला येतंय सगळं. गाद्यांचं मी बघते. बाबांना नको सांगायला. मोडतील गं ते."

काकू ट्रे आणायला गेल्यासुद्धा. निळा फ्यूज शोधून मुठीत घेतला. चिमटीत धरून हिरवा उपटायचा, निळा दाबायचा, जोडीचा बदलायचा. बॉनेट खाली आदळलं की मिस्त्रींची लाज झाकली. इतकं सोपं होतं.

पण हात बॉनेटच्या कडेवरच राहिला. त्यांना टॅक्सीवाला आठवला. त्या दोन-चार गाड्या आठवल्या. त्यांच्यात कोणता बसला असेल? आणि मग जे आठवलं त्यानं त्यांचा चेहराच उतरला. रोज संध्याकाळी मिस्त्रींच्या नकळत ट्रे लावणारी कोण होती? हिरवं रीळ मांडीखाली दडवणारी कोण? मिस्त्रींच्या हातून लहानशी चूक झाली असती, दुकानातल्या दुकानात, कुणाचं काही न बिघडता, तर त्यांना तेव्हाच कळलं असतं. दोन दिवस गप्प बसले असते. पण ती लहानशी चूक काकूंनी होऊच दिली नव्हती. रोजच्या रोज उचलून जागेवर ठेवत गेल्या होत्या. त्यांनीसुद्धा पंधराच्या जागी तीसचाच बसवून ठेवला होता. घरात.

"चल आत," हिरवा फ्यूज उपटून घेत त्या म्हणाल्या.

"आई, नको ना."

"आज मी बदलेन. उद्या मला ताप आला की कोण बदलणार आहे?"

मिस्त्री पाने पुसून एका ओळीत लावत होते. काकूंनी गाडीतला हिरवा फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला.

"अहो, चिमणीच्या गाडीत कोणता घातला होता?"

"पंधराचा. निळा. हाच की."

"आकडा वाचा बघू."

मिस्त्रींनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा लेकीकडे. लेक भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होती. त्यांनी चष्मा पुसला. फ्यूज दाराच्या उजेडात धरला, लांब केला, जवळ आणला. ओठ हलले, पण आकडा काही बाहेर आला नाही.

काकूंना वाटलं, आता ते फ्यूज टेबलावर ठेवतील आणि गप्प होतील. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख फ्यूजच्या डोक्यावरून फिरवलं. हळूच, एकदा, मग पुन्हा. पहिला आकडा एकाची सरळ काडी असायला हवी होती. नख काडीवरून सरकायला हवं होतं. ते वळणात अडकलं. वरचं वळण, खालचं वळण.

"तीस," मिस्त्री म्हणाले.

बाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"वायर बघू," मिस्त्री उठले.

ते व्हॅनमध्ये वाकले, जोड चाचपला, मऊ पडलेलं साल बोटांनी दाबून बघितलं. वासही घेतला. मग लेकीला म्हणाले, "मी विचारलं होतं तुला, नवीन काही जोडलंय का."

"बाबा, मला वाटलं, गाण्याचं..."

"गाद्या काय पाणी पिऊन गरम होतात?"

चिमणी हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री हसले नव्हते, पण बोलत होते. हे काकूंनी मनात टिपून ठेवलं.

त्यांनी जळकट तुकडा कापून टाकला, चांगली वायर जोडली. मग म्हणाले, "निळा दे. वाचून दे." काकूंनी वाचला. "पंधरा." मिस्त्रींनी तो नखानं तपासला आणि बसवला. मग एक गंमतच केली. गाद्या पुन्हा जोडायला लावल्या, सगळ्या. गाणी मोठ्यानं लावायला सांगितली. तिघंजण व्हॅनमध्ये बसली. मिस्त्री आणि काकू मागे, म्हाताऱ्या माणसांच्या जागी, चिमणी पुढे. खालून छान ऊब यायला लागली. काकूंना क्षणभर वाटलं, पोरगी चुकली, पण चुकली ती किती चांगल्या कामात.

गाणं रंगात आलं आणि खाडकन थांबलं. बुडाखालची ऊबही ओसरायला लागली.

मिस्त्रींनी मान डोलावली. गाणं आवडल्यावर माणूस डोलावतो तशी. "बोलला बघ. हा मागेही हेच बोलत होता. मी त्याच्या तोंडात बोळा घातला."

"एकट्यानं नाही घातला," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगून टाकलं. ट्रे, रीळ, सगळं. पुढच्या सीटवर चिमणी आरशातून बघत राहिली.

मिस्त्रींनी आपल्या हातांकडे बघितलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, रंग बोलतो म्हणून. तू आत बसून ऐकत होतीस."

"ऐकत होते."

"हसत असशील."

"नाही हो. रंग बोलतो म्हणालात की मला रडू यायचं. तेव्हा यंत्र जोरात चालवायचे मी."

मिस्त्री उतरले आणि दुकानात गेले. त्या दिवशी मग त्यांचा फ्यूज उडालाच. जेवले, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चिमणीनं गाद्या काढून ठेवल्या आणि आपल्या माणसांच्या पायांवर पांघरुणं घातली. मास्तरांनी वास गेल्याची पावती दिली आणि पांघरूण टोचतं अशी नवी तक्रार सुरू केली.

काकूंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दुकान उघडलं होतं, पण मिस्त्री गाड्यांना हात लावत नव्हते. गिऱ्हाईक आलं की 'नंतर या' अशी हाताची खूण. दुकान बंद करतात की काय? ज्या माणसाला गाडीखाली झोपल्याशिवाय झोप लागत नाही, तो वर खोलीत खुर्चीवर बसून काय करणार? आपण बोललो ते बरं केलं की वाईट, हे त्यांचं त्यांना कळेना. ट्रेला तर त्यांनी हातही लावला नाही. निळ्याच्या घरात हिरवे तसेच राहू दिले.

मग एका सकाळी यंत्रापर्यंत आवाज आला. "अगं, स्टूल घेऊन ये इकडे."

काकू स्टूल घेऊन गेल्या. मिस्त्रींनी ट्रे टेबलावर पालथा केला होता. सगळे रंग एकात एक.

"एकेक वाच. मी नखानं बघतो. जुळलं तरच घरात टाकू."

दोघं समोरासमोर बसली. तांदूळ निवडावेत तसं चाललं होतं. काकू आकडा सांगायच्या, मिस्त्री नख फिरवून 'हं' म्हणायचे. एकदा काकूंनी मुद्दामच चुकीचा सांगितला. मिस्त्री थांबले. "हा वीसचा आहे. परीक्षा घेतेस?"

"घेते. तुम्ही नाही लोकांची घेत?"

ट्रे भरून झाल्यावर मिस्त्रींनी टॅक्सीवाल्याला फोन लावला. काकूंना वाटलं होतं, काहीतरी निमित्त सांगतील. स्पीकर बघायचेत, वायर ताणायची आहे, असं काहीबाही. मिस्त्री फोनमध्ये म्हणाले, "माझे डोळे नीट नाहीत. तुमचा फ्यूज चुकीचा बसला असेल. गाणी लावू नका, गाडी घेऊन या." मग पुढच्याला. तेच शब्द. मग त्याच्या पुढच्याला. एकानं पलीकडून काहीतरी लागेलसं सुनावलं असावं. मिस्त्री नुसतं ऐकत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आधी गाडी आणा." तो काही आला नाही, दुसरीकडे गेला. तिथल्या माणसानं तपासून तीसचा काढला म्हणे. हे कळलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "निघाला ना? मग झालं." पण त्या रात्री त्यांनी अर्धंच खाल्लं.

टॅक्सीवाला आला तो हसतच. बॉनेट उघडलं. मिस्त्रींनी फ्यूज काढला, काकूंच्या हातात दिला.

"पंधरा," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे."

"दे बघू." नख फिरलं. काडी लागली. मिस्त्रींचा चेहरा जरा हिरमुसलाच. एवढं मन घट्ट करून माणसाला बोलावलं आणि चूक निघाली नाही!

टॅक्सीवाल्याला राहवेना. "मिस्त्री, आता एक फ्यूज बसवायला दोन माणसं लागतात होय?"

"फ्यूज तरी आम्ही एकटा कुठं देतो?" मिस्त्री चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाले. "एक बसलेला, एक जोडीला."

काकू मान खाली घालून आत यंत्राशी गेल्या आणि सुईत दोरा ओवायला बसल्या. दोरा काही केल्या ओवला जाईना.

गाद्यांसाठी मिस्त्रींनी बॅटरीपासून वेगळी जाड वायर टाकली, तिचा वेगळा फ्यूज, तिच्या मापाचा. चिमणीनं आकडा वाचला, काकूंनी वाचला, मिस्त्रींनी नखानं बघितला. एवढ्याशा फ्यूजला तीन-तीन माणसं. मास्तरांचे पाय गरम झाले. त्यांनी दुसरी काही तक्रार शोधली असेलच.

डोळ्यांच्या दवाखान्याचं चिमणीनं परत विचारलं नव्हतं. मिस्त्रींनीच एकदा ताटावरून म्हटलं, "तुझी ती व्हॅन डोळेवाल्याकडेही जाते का?"

"जाते," चिमणी म्हणाली. "मागे बसावं लागेल. गरम गादीवर."

"गाणी?"

"लावते की. पण मागे शेजारी मास्तर असतील."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "मग पुढे बसतो," ते म्हणाले, आणि मिठाची बरणी स्वतःच ओढून घेतली.